शिदूच्या अंगातली वीज

तालमीतली माती रोज उकरावी लागते, नाहीतर घट्ट बसते. किश्श्यांचंही तसंच. माधवनगरच्या आमच्या तालमीत ते इतके साठलेत की कुदळ कुठंही मारा, एखादा निघतोच. आणि बहुतेकांत शिदू असतो.

शिदू कुंडलचा. अंगानं दांडगा, मनानं लोणी. त्या वर्षी गावच्याच मैदानात त्याची पहिली मोठी जोड ठरलेली. त्याच्या आबांनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. आणि आमच्या वस्तादांचा नियम कडक. जो सिनेमाला गेला, तो मैदानाला मुकला. "पडद्याकडं बघून पैलवानाचं पाय हलकं व्हत्यात," असं त्यांचं मत. फौजेत राहून आलेला माणूस, उलट कोण बोलणार?

नेमका तेव्हाच सांगलीत तो इंग्रजी सिनेमा लागला. पोस्टरवर एक गडी एका हातानं मोटार उचलून उभा. शिदू सायकलवरून उतरला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यो कुठल्या तालमीचा रं?"

* * *

शिदू, तासगावच्या शिंप्याचा रसूल आणि मी, तिघं मॅटिनीला गेलो. डोक्याला टॉवेल गुंडाळून. पैलवानाचे चेपलेले कान लपवायचे तर दुसरा उपाय नाही.

डोअरकीपरनं तरी ओळखलं. "आज तालमीनं लय गर्दी केलीया," म्हणाला. तिघांना गर्दी म्हणावं इतके आम्ही आडवे होतोच, त्यामुळं कुणी मनावर घेतलं नाही.

* * *

इंग्रजी एक अक्षर कळेना, पण गोष्ट कळली. एक किडमिडीत कारकून. येणारा-जाणारा त्याला टपल्या मारतोय. एक दिवस त्याच्या अंगावर वीज पडते आणि मरायचं सोडून गड्याच्या अंगात हत्तीचं बळ येतं.

शिदूला ते काही पटेना. "आरं, पण जोर किती मारलं त्यानं? बैठका? दूध तरी प्याला का?"

"गप की," रसूल म्हणाला, "त्यो वीज प्यालाय."

मग हिरोनं विजारीवरनं लाल चड्डी चढवली. सगळं थेटर हसलं. शिदू एकटा गंभीर. "हसू नगा. कसलीया झ्याक."

शेवटी त्या बिचाऱ्यावर भिंत कोसळली. उठेचना. शिदू खुर्चीवर उभा राहिला, डोळ्यांत पाणी. "आरं ऊठ की लेका, वीज हाय तुझ्या अंगात!"

मागून अंधारात कुणीतरी "खाली बस" म्हणून खेकसलं. पण हिरो उठला. तो आपल्यामुळंच उठला, असं शिदू आजही सांगतो.

* * *

त्यानंतर शिदूनं बैठका झाल्या की एक नवीनच सुरू केलं. कमरेवर हात, छाती पुढं, नजर आभाळात. अगदी सिनेमातल्यासारखं. पंचा पाठीवर सोडलेला.

वस्ताद म्हणाले, "शिदू, वर काय बघतुयास? तुझी जोड खाली हाय."

* * *

एका दुपारी ढग गडगडायला लागले. आम्ही सगळे आत पळालो. शिदू लंगोटावर अंगणात मधोमध जाऊन उभा.

वस्तादांनी कान धरून त्याला आत आणलं. "मराचंय व्हय रं?"

"न्हाई वस्ताद. गरम व्हतंय."

वस्तादांनी एकदा ढगाकडं बघितलं, एकदा शिदूकडं. आम्हाला वाटलं, सिनेमा कळला ह्यांना. गेलं मैदान, आबा आता तोंड कुणाला दाखवणार?

"दूध पी आन् पड जरा," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

* * *

कुंडलचं मैदान. आबा नवा फेटा बांधून पहिल्या रांगेत. शिदूची जोड मात्र भारी निघाली. त्या गड्यानं शिदूला खाली घेतला आणि मानेवर गुडघा ठेवला. शिदू मातीत तोंड खुपसून पडला, हलेना. आबांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. मला तर बघवेना.

तेवढ्यात आखाड्याच्या कडेनं वस्ताद ओरडले,

"आरं ऊठ की लेका, वीज हाय तुझ्या अंगात!"

शिदूनं खालनंच मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. मग असा काही उसळला, की वरचा गडी बाजूला पडला आणि पुढच्या डावाला चितपट झाला. गावानं शिदूला खांद्यावर घेतलं.

मी रसूलकडं बघितलं, रसूलनं माझ्याकडं. मग दोघांनी वस्तादांकडं बघितलं.

वस्ताद कमरेवर हात ठेवून, छाती काढून, आभाळाकडं बघत उभे होते.