दोन चपटे कपॅसिटर

माझा मोठा भाऊ नरखेड तालुक्यात संत्र्याची बाग करतो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले तेव्हा त्याने दहावीतच शाळा सोडली आणि मला नागपुरात ठेवून शिकवलं. मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये नोकरी करून निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत त्याने माझ्याकडे एकच वस्तू मागितली.

तीन वर्षांपूर्वी त्याला कुणीतरी जुना रेकॉर्ड प्लेअर दिला, सोबत भजनांच्या पन्नासेक तबकड्या. त्याचा फोन आला, "या प्लेअरचा आवाज लई बारीक येते गा. तुले येते ना हे सारं? काही बनवून दे."

म्हणजे त्याला प्रीॲम्प हवा होता, सुईकडून येणारा क्षीण आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत नेण्याआधी वाढवणारी छोटी पेटी. मी नागपूरच्या महाल भागातल्या नेहमीच्या दुकानात सामान घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, इनपुटले ते चपटे सिरॅमिकचे कपॅसिटर नका टाकू. फिल्मचे टाका. पण माल सोमवारी येईन."

हे मलाही ठाऊक होतं. तसले सिरॅमिकचे कपॅसिटर, वीज साठवणारे ते छोटे पार्ट, हादरा बसला की माइकसारखे वागतात, स्वतःच आवाज काढतात; प्लास्टिक फिल्मचे तसं करत नाहीत. लॅबमधल्या मुलांना मीच शिकवलेलं. पण भाऊ रविवारी येणार होता आणि घरच्या डब्यात दोन चपटे पडलेले होते. दोनच तर आहेत, म्हटलं, आणि लावून टाकले. घरी हळू आवाजात वाजवून पाहिलं, ठीक वाटलं. टॉवेलमध्ये गुंडाळून तो ती पेटी एसटीने घेऊन गेला.

आठवड्याने फोन. "नुसतं घूं करून राहिलं गा. आवाज वाढवला का जास्तच. अन् सुई उचलून ठेवली तरी टेबलाले हात लागला का टणकन वाजते."

'टणकन' ऐकताच मला कळलं होतं, स्पीकरच्या हादऱ्याने माझेच कपॅसिटर वाजत होते. पण म्हणालो, "भाऊ, तुमच्या गावची लाईनच खराब आहे. विहिरींवर मोटारी चालतात, त्याचा आवाज येतो. अर्थिंग करून घ्या."

"पण टणकन काहून वाजते मंग?"

"ते तुम्हाला नाही समजणार."

ज्याने मला शिकवलं त्याला मी हे म्हणालो.

त्याने अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणला, कोळसा-मीठ टाकून पत्रा पुरला. नंतर समोरच्या खोलीचं वायरिंग बदललं. दर वेळी फोन करून सांगायचा, अजून घूं थांबलं नाही, आणि मी नवं कारण पुढे करायचो. एकदा वहिनी म्हणाल्या, "भावजी, या वयात दिवसभर खणून राहिले होते ते." मग फोन बंद झाले. मला हायसं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

गेल्या हिवाळ्यात तो नागपुरात रामदासपेठेत डोळे दाखवायला आला, माझ्याकडे उतरला आणि पिशवीतून ती पेटी काढून ठेवली. "ठेव. पार्ट तरी तुह्या कामी येतीन."

दुपारी तो झोपल्यावर मी ती उघडली, चालू केली आणि चपट्या कपॅसिटरवर पेन्सिलीचं टोक आपटलं. स्पीकरमधून टण. दोन्ही काढून फिल्मचे लावले. आवाज पूर्ण वाढवून टेबलावर मूठ मारली. काही नाही. पंधरा मिनिटांचं काम होतं.

तो उठला. चहा देताना मी सांगून टाकलं. "भाऊ, तुमच्या घरात काहीच दोष नव्हता. मी चुकीचे पार्ट लावले होते. आणि ते मला पहिल्याच फोनला कळलं होतं."

त्याने बशीत फुंकर मारली. "मले वाटलं माह्याच कानात काही बिघाड आहे," तो म्हणाला. "काटोलले जाऊन कान तपासून आलो होतो. तुले नाई सांगितलं."

मी पेटी त्याच्यापुढे सरकवली. म्हणालो, "आता घेऊन जा, चांगलं वाजतं."

"कायवर वाजवू? प्लेअर अन् तबकड्या दिवाळीत भजन मंडळाले देऊन टाकल्या."

"मी दुसरा प्लेअर आणून देतो."

"नको गा. आता सवय गेली."

त्याने उरलेला चहा संपवला आणि संध्याकाळची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.