न बघता वाचणारी मुलगी

पातूरच्या अलीकडे एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओसरीवर, चौथीतली एक मुलगी मला धडा वाचून दाखवत होती. आवाज खणखणीत. स्वल्पविरामाला थांबणं, प्रश्नचिन्हाला सूर चढवणं, सगळं जिथल्या तिथे. तिच्या वर्गाच्या बाई दारात उभ्या होत्या, त्यांच्या मागून बाकीची मुलं डोकावत होती. वर्गातली सगळ्यांत हुशार म्हणून त्यांनी मुद्दाम तिलाच आधी पाठवलं होतं. मध्येच वाऱ्यानं पुस्तकाची दोन पानं उलटली. मुलगी थांबली नाही. समोर दुसराच धडा होता आणि ती आधीच्या धड्याच्या पुढच्या ओळी म्हणत होती.

मी पिशवीतून शब्दांची पट्टी काढली. गोठा, विटा, कमळ, असे साधे शब्द. तिनं पट्टीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, मग खाली.

"हे आमच्या पुस्तकात नाई," ती म्हणाली.

त्या वर्षी मी मूर्तिजापूरची शाळा सोडून तालुक्याच्या साधन केंद्रात आले होते. शाळाशाळांत जायचं, शिक्षकांच्या जोडीनं वर्गात बसायचं आणि वाचन शिकवायला मदत करायची, हे माझं काम. प्रशिक्षणात आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती. वर्ग एका सुरात वाचतो म्हणून मूल वाचतं असं धरू नका. एकेकाला शेजारी बसवा, कधी न पाहिलेलं वाचायला द्या, कुठे अडतं ते लिहा आणि तिथूनच शिकवा. हे ऐकलं त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मूर्तिजापूरला मी कितीतरी वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं होतं आणि दर उन्हाळ्यात 'सर्व मुले वाचतात' असा शेरा लिहून वर्ग पुढे धाडला होता. एकालाही शेजारी बसवून ऐकलं नव्हतं.

बाईंचा चेहरा उतरला होता. त्यांच्या निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. मी आणखी काही मुलांना ऐकलं, निम्म्याहून जास्त तशीच निघाली, आणि मी भरभर लिहून घेत गेले. मधल्या सुट्टीत बाईंनी मला आत बोलावून दार लोटून घेतलं.

"तुमी तपासाले आल्या का शिकवाले?"

मदत करायला आले, असं मी सांगितलं.

"मंग त्या पोरीले सर्वाईच्या समोर काहून उघडी पाडली?"

मी कागद पिशवीत कोंबले आणि निघाले. अकोल्याच्या एसटीत जागा मिळूनही मला बसवेना, दांडा धरून उभीच राहिले आणि स्टँडच्या आधीच उतरून घरापर्यंत चालत गेले. चार दिवस मी कार्यालयात बसून कागद नीट लावले. लावलेले पुन्हा लावले. पाचव्या दिवशी तपासणीचे तक्ते न घेता, नुसतीच त्या शाळेत गेले.

बाई जमिनीवर बसल्या होत्या आणि ती मुलगी त्यांच्या शेजारी. बाईंनी हाताच्या पंजानं सगळं पान झाकलं होतं, बोटांच्या फटीतून एकेकच शब्द दाखवत होत्या. मला बघून उठल्या नाहीत.

"सारा वर्ग तपासला मी," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं झाले नोकरीले. असे कितीक पोरं गेले असतीन माह्या हातून?"

मी त्यांना मूर्तिजापूरच्या शेऱ्यांबद्दल सांगितलं. त्या थोड्या सरकल्या आणि मला बसायला जागा केली.

तिथून काम सुरू झालं. अख्खी मुळाक्षरं घोकणं बंद. चार अक्षरं आणि एक स्वरचिन्ह घ्यायचं, त्यांचे आवाज पक्के करायचे, आणि त्याच दिवशी त्यांच्यापासून होतील तेवढे शब्द जोडून वाचायचे. प्रार्थनेनंतरचा अर्धा तास फक्त यासाठी. जी मुलं जिथे अडली होती त्यांचे तसे तीन गट केले. पहिले काही दिवस मी शिकवायची आणि बाई बघायच्या, मग त्या शिकवायच्या आणि मी बघायची. शनिवारी प्रत्येकाला नवा उतारा.

एका शनिवारी उताऱ्यात होतं, 'आईने मला भाकर दिली.' मुलीनं अडखळत वाचलं, "आईनं मले भाकर देल्ली." मी तीन फुल्या मारल्या. बाईंनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तिन्ही फुल्या खोडल्या.

"तिनं वाचलं, अन् मंग आपल्या घरच्या बोलीत सांगतलं," त्या म्हणाल्या. "न वाचता 'मला'चं 'मले' कसं होईन?"

हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. पुढे बाळापूरकडच्या शाळांत, घरी उर्दू बोलणारी मुलं वर्गात होती तिथेही, मी हेच सांगत फिरले. आपण किती मुलांना उगाच फुल्या मारल्या असतील, हा नवा घोर मात्र मागे लागला.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कपाशीचा काही भरवसा नव्हता, पण वेचणी आली की घरातली सगळी माणसं वावरात. वर्ग निम्मा रिकामा झाला. ती मुलगीही येईना, आईबरोबर वावरात तान्ह्या भावाला सांभाळायला जात होती. मी हळहळत होते, शिकलेलं सगळं पुसलं जाईल म्हणत होते. बाई शाळा सुटली की तिला शिकवायला सरळ वावरात जायच्या, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. एका शनिवारी दुपारी मीही त्यांच्याबरोबर गेले.

मुलगी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बाभळीखाली बसली होती, मांडीवर भाऊ, गुडघ्याखाली उडू नये म्हणून दाबलेली पट्टी. कमरेची ओटी कापसानं फुगलेली, अशी तिची आई कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातून बाहेर आली. लेकीला येतं का, म्हणून तिनं विचारलं. बाईंनी मुलीला वाचायला सांगितलं. मुलीनं प्रत्येक अक्षरावर बोट ठेवत, थांबत, मागे जात, दोन ओळी वाचल्या. एका जोडाक्षराशी तर घामाघूम झाली.

आई ऐकत राहिली. मग बाईंना म्हणाली, "पहिले तं फराफरा वाचे. आता काहून अडकते?"

मी घाईघाईनं काहीतरी समजवायला गेले. बाई मात्र शांत होत्या. पहिले ती ऐकलेलं बोले, आता डोळ्यानं पाहून वाचते, असं त्यांनी सांगितलं. आईला ते पटलं नसावं. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. तिनं पट्टी हातात घेतली, मनाला येईल तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय हाय?"

"बों... बोंड."

"अन् हे?"

"सरकी."

आईनं बोट खाली नेलं, वर आणलं, पुन्हा पहिल्याच शब्दावर ठेवून बघितलं. मुलगी दर वेळी आधी बघायची, मग बोलायची. शेवटी आईनं पट्टी तिच्या गुडघ्याखाली परत दाबली आणि तासात गेली. पुढच्या सोमवारपासून मुलगी शाळेत यायला लागली, भावाला कडेवर घेऊन. बाईंनी दोघांनाही वर्गात बसवलं.

ती पाचवीला पातूरच्या शाळेत गेली. आणखी बरीच मुलं वाचायला लागली, काही अर्धवट राहिली. नवीन वर्षाला बाईंनी मुख्याध्यापकांकडे पहिलीचा वर्ग मागून घेतला. इतकी वर्षं नोकरी झालेल्या बाई पहिलीला कशाला, म्हणून सगळे हसले.

त्याच वर्गातली दुसरी एक मुलगी मात्र शेवटपर्यंत वाचू शकली नाही. रोज यायची, मन लावून बसायची, सकाळी आलेलं अक्षर दुपारी तिला अनोळखी व्हायचं. आम्ही आवाजापासून सुरुवात केली, मातीत बोटानं गिरवून घेतलं, गट बदलला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिचं नेमकं काय अडत होतं ते आम्हा दोघींना कळलं नाही. मला अजूनही कळलेलं नाही.