आधी स्टिकर, मग गाडी

लग्नाला अजून वर्षही झालं नाही, पण सांगण्यासारखं माझ्याकडे एवढं साठलंय की धानाच्या ढोलीने लाजावं. कारण सोपं आहे. मी कमी बोलते. आणि सासरी असा समज झालाय की जी कमी बोलते तिला ऐकूही कमी येतं. त्यामुळे माझ्यासमोर सगळं मोकळेपणाने बोललं जातं. मी तांदूळ निवडत बसते आणि किस्से आपोआप सुपात पडतात.

त्यातले निम्मे किस्से एकाच वस्तूचे आहेत. आमच्या पांढऱ्या गाडीच्या काचेवरचं, 'पोलीस' असं लिहिलेलं लाल-निळं स्टिकर.

घरात पोलीस एकच. माझी मोठी नणंद, वर्षाताई. गोंदियाला वाहतूक शाखेत शिपाई आहे, तिथेच खोली करून राहते. लग्नाचा विषय काढला की तिची ड्युटी लागते. गाडी मात्र मामाजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आणि ती उभी असते गोरेगावजवळच्या आमच्या खेड्यात. मामाजी धान पिकवतात. त्यांचा आणि कायद्याचा संबंध एवढाच की ते त्याला घाबरतात.

*

त्या स्टिकरशी माझी ओळख झाली ती लग्नाच्या दिवशीच. मांडव भंडाऱ्याला, आमच्या दारी होता. वरातीत सगळ्यात पुढे ही गाडी. झेंडूच्या माळा सगळीकडे, फक्त 'पोलीस' तेवढं मोकळं ठेवलेलं. मामाजींची तशी सक्त ताकीद होती म्हणे.

मी वरच्या खिडकीतून बघत होते. गाडी वळणावर दिसली आणि डीजेवाल्याने आवाज बंद केला. आचाऱ्याने घरगुती सिलिंडरवर पोतं टाकलं आणि स्वतः त्यावर बसला. मागच्या खोलीत पत्ते कुटत बसलेले माझे मोठे काका हात जोडत बाहेर आले. "साहेब, पैसे लावून नाही. टाइमपास चालू होता."

गाडीतून फेटा बांधलेला प्रशांत उतरला. नवरदेव बघून माणसांना एवढी सुटका वाटताना मी पहिल्यांदाच पाहिलं!

*

सासरी आले तेव्हा कळलं की स्टिकर एक नाही. रेडियमच्या दुकानात एकट्या स्टिकरपेक्षा गठ्ठा स्वस्त पडतो, म्हणून मामाजींनी गठ्ठाच आणला होता. आता आणलेला गठ्ठा वाया कसा घालवायचा? म्हणून मोटारसायकलवर एक, ट्रॅक्टरवर एक, फवारणीच्या पंपावर एक, कूलरवर एक. उन्हाळ्यात आम्ही सगळे पोलिसांच्या हवेत झोपतो.

पावसाळ्यात चिखलणीसाठी ट्रॅक्टर धानाच्या बांधीत उतरला. दोन शेतांमधल्या धुऱ्यावर शेजारचे कुंजीलालकाका उभे होते. त्यांनी तिथूनच टोमणा मारला, "धनलालभाऊ, कोनाले पकडाले चालले चिखलात?"

मामाजींनी मान वर न करता सांगितलं, "मागच्या साली ज्यानं माहा धुरा कोरला, त्याले."

कुंजीलालकाका त्या दिवशी लवकर घरी गेले.

भांड्यांचंही तेच. आमच्याकडे भांड्यांवर नाव कोरून घेतात, म्हणजे पंगतीला गेलेलं ताट फिरून घरी येतं. मामाजींनी वर्षाताईच्या जेवणाच्या डब्यावर कोरून घेतलं, 'कु. वर्षा धनलाल रहांगडाले, पोलीस.' डबा तीन कप्प्यांचा, आणि तिन्ही कप्प्यांवर हेच. चोराला विचार करायला तीन संधी.

*

हे सगळं कशापायी, ते मला सासूबाईंनी सांगितलं. म्हणजे सांगितलं जाऊबाईंना, मी बाजूला लसूण सोलत होते.

वर्षाताई भरतीची तयारी करायची तेव्हा पहाटे तलावाच्या पाळीवर धावायची. मामाजी मागून सायकलवर बॅटरी धरून. तिने पाय बघून टाकावा म्हणून उजेड तिच्या पुढ्यात, आणि स्वतः अंधारात. दोनदा सायकलसकट पाण्यात गेले. गावातल्या लोकांना करमणूक झाली. कोणी म्हणायचं, धनलाल पोरीला शर्यतीची घोडी करून राहिला. कोणी म्हणायचं, अशी धावणारी सून कोण करून घेईल, सासू मागे धावू शकणार नाही.

निकाल लागला, वर्षाताईचं नाव आलं. मामाजी त्याच दिवशी गोंदियाला गेले. सासूबाईंना वाटलं पेढे आणायला गेले. ते स्टिकर घेऊन आले.

घरात तेव्हा गाडी नव्हती. मग त्यांनी ते आलमारीच्या आरशाला लावलं. कितीतरी दिवस सासूबाई कुंकू लावायला उभ्या राहिल्या की कपाळावर 'पोलीस' दिसायचं. आरशात जागा मिळेना तेव्हा त्यांनीच हट्ट धरला की आता एक गाडी घेऊनच टाका.

आमच्या घरी आधी स्टिकर आलं, मग गाडी.

*

स्टिकरचा फायदा काय झाला म्हणाल, तर तोटाच झाला. एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी मामाजींनी गोरेगावात गाडी उभी केली आणि मिरच्या घ्यायला गेले. परत आले तर मागच्या सीटवर एक माणूस बसलेला. पिऊन टाइट. मामाजींना बघून त्याने दोन्ही हात पुढे केले. "चला साहेब. गुन्हा कबूल आहे."

मामाजींनी विचारलं, कोणता गुन्हा? तो म्हणाला, तुम्हीच लिहा, मला आठवत नाही.

उतरायला तयार होईना. शेवटी मामाजींनी पत्ता विचारला आणि त्याला थेट त्याच्या घरी नेऊन सोडलं. दारात बायको आली. तिने आधी काच वाचली, मग नवऱ्याकडे बघितलं आणि मामाजींना हात जोडले. "कायले आनलं जी याले? ठेवून घ्या ना चार दिवस!"

मामाजी घरी आले ते मिरच्या तिथेच विसरून.

*

मग यावर्षी हुकूम आला. खासगी गाड्यांवरची 'पोलीस' स्टिकरं काढायची. वर्षाताईच्या शाखेत नवीन साहेब आले होते, कोल्हापूरकडचे. त्यांनी एक पद्धत घालून दिली. स्टिकरवाली गाडी अडवायची आणि एकच प्रश्न विचारायचा, पोलिसात कोण आहे? ज्याचं नाव सांगतील त्या कर्मचाऱ्याकडून लेखी खुलासा.

वर्षाताई चौकात हा प्रश्न विचारून विचारून थकली. उत्तरं मात्र ती आम्हाला घरी येऊन ऐकवायची. एकाचा मावसभाऊ होता. एकाच्या साळ्याचा मित्र होमगार्ड होता. एका शेटजींनी फार विचार करून सांगितलं, "मॅडम, मेरा घर थाने के सामने है."

आम्ही हसत होतो. ती हसता हसता थांबली आणि मामाजींकडे वळली. हवालदाराच्या बढतीच्या यादीत तिचं नाव होतं. एवढी वर्षं उन्हात शिट्टी फुंकून आलेलं. "बाबा, आता माह्या नावाचा खुलासा गेला, तर यादीतून नाव जाईन. समदे स्टिकर काढा."

मामाजींनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर मोकळा झाला, पंप मोकळा झाला, कूलर साध्या हवेवर आला. गाडीवरचं मात्र तसंच राहिलं.

फोनवर वर्षाताईने विचारलं तर म्हणाले, निघत नाही, काच फुटेल.

त्याच वेळी मी अंगणात आहेरातल्या नव्या ताटांवरची कंपनीची स्टिकरं काढत होते. खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, थोडं थांबायचं, अख्खं निघून येतं. मामाजींनी फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं. ताटाकडे बघितलं. तेलाच्या बाटलीकडे बघितलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "ते तेल डोक्यालेच लावत जाय."

*

महाशिवरात्रीला गोंदियाजवळच्या नागऱ्याला जत्रा भरते. वर्षाताईचा बंदोबस्त तिथेच होता, देवळाच्या दाराशी, असं ती म्हणाली होती. तिचाही उपास. सासूबाईंनी तिच्यासाठी साबुदाण्याची उसळ, भगर आणि रताळ्याचा गोड कीस असा डबा भरला. मामाजी म्हणाले, दर्शन होईल, डबाही देऊन येऊ. गाडी लांब लावू, कोण बघतंय. ते पुढे, मी मागच्या सीटवर, मांडीवर डबा.

नागऱ्याच्या अलीकडे रस्त्यावर बॅरिकेड लागलेलं. मागे गाड्यांची रांग, पुढे गाड्यांची रांग, वळायला जागा नाही. आणि बॅरिकेडपाशी देवळाच्या दारातून हलवून इकडे उभी केलेली वर्षाताई. तिच्या बाजूला साहेब.

तिने आधी काच बघितली. मग काचेमागचा चेहरा बघितला. तिची शिट्टी तोंडातच राहिली.

साहेबांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. मामाजींनी लायसन काढून दिलं, ते साहेबांनी स्वतःकडे घेतलं आणि वर्षाताईला म्हणाले, "विचारा."

ती खिडकीपाशी आली. आवाज ड्युटीचा होता, पण हात खिडकीच्या कडेवर घट्ट दाबलेला.

"पोलिसात कोण आहे?"

आता मामाजींचं सांगते. या माणसाने आपली पोरगी पोलिसात आहे हे एसटीच्या कंडक्टरला सांगितलंय. डोळे तपासायला गेले तेव्हा पाटीवरची अक्षरं वाचायच्या आधी डॉक्टरला सांगितलंय. आमच्या लग्नात भटजींना मंत्र थांबवून सांगितलंय. आणि आता खुद्द पोरगी समोर उभी राहून विचारत होती.

मामाजींनी तिच्याकडे बघितलं.

"कोनी नाही, मॅडम."

"मग स्टिकर कशाला?" साहेबांनी विचारलं.

"शौक होता, साहेब. चुकलो. फाडा पावती."

वर्षाताईने पावती केली. मग काचेपाशी गेली, नखाने एक कोपरा उचलला आणि ओढलं. एका दमात निघालं. काच काही फुटली नाही.

साहेब लायसन वाचत होते. वाचून त्यांनी वर्षाताईच्या छातीवरची नेमप्लेट वाचली. परत लायसन वाचलं. "रहांगडाले. आणि तुम्हीही रहांगडाले?"

वर्षाताई काही बोलायच्या आत मामाजी बोलले, "साहेब, तुमी नवीन दिसता. इकडं गोटा फेकला तरी रहांगडाल्यालेच लागते."

साहेबांनी लायसन परत दिलं. आता निघायचं, एवढंच बाकी होतं. पण मामाजी निघेनात.

"साहेब, ते निघालेलं मले भेटन का?"

"कशाला?"

"घरी आलमारीच्या आरशाले लावीन. आलमारी काही रोडवर येत नाही."

साहेबांनी वर्षाताईला खूण केली. तिने ते स्टिकर बापाच्या हातात दिलं. देताना वर बघितलं नाही. मामाजींनी ते गाडीच्या कागदांसारखं जपून खिशात घातलं.

आणि मग साहेब मागच्या खिडकीपाशी आले.

मी डबा पोटाशी ओढला आणि वर ओढणी टाकली. पण एका ओढणीत तीन कप्पे मावत नाहीत.

"ताई, डब्यात काय आहे?"

"उसळ," मी म्हणाले. "भगर. कीस."

"कोणासाठी?"

सासरी आल्यापासून मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नसेन. "माझ्यासाठी. मला खूप भूक लागते."

मामाजी आरशातून माझ्याकडे बघत राहिले. साहेबांनी हात पुढे केला. डबा द्यावाच लागला. त्यांनी तो उजेडात धरला, हळूहळू फिरवला, वरचा कप्पा वाचला, मधला वाचला, खालचाही वाचला. तिन्हीवर एकच मजकूर आहे याची खात्री झाल्यावर त्यांनी हाक मारली.

"रहांगडाले."

"सर."

"हा डबा जप्त करा. आणि रिकामा झाला की मुद्देमाल ज्याचा त्याला घरी पोचता करा."