सात नंबरची दुपार

हुमनाबादला एसटीतून उतरले, तर दुबलगुंडीला यायला रिक्षावालेच तयार होईनात. एक जण आला, तोही वेशीवर सोडून पळाला. गाव रिकामं. दारांना कुलपं, पारावर चिटपाखरू नाही. पलीकडे बारा पवनचक्क्या तेवढ्या फिरत होत्या. 

वेळ अमावस्येला इकडे सगळं गाव शेतात जेवतं, हे ठाऊक होतं. त्यासाठीच तर आले होते. मी पुण्यात बसून या चक्क्यांच्या विजेची बोली लावते. उद्या कधी किती वीज देऊ, ते बाजाराला आदल्या दिवशी सांगायचं. कमी पडली तर दंड. दर थंडीत एका दुपारी सात नंबरची चक्की अर्धा तास बंद पडायची. संध्याकाळच्या चढ्या भावासाठी राखलेली बॅटरी तेव्हाच खर्ची पडे आणि संध्याकाळी आम्ही तोंडघशी. शेवटी कॅलेंडर काढलं, तर दर वेळी हीच अमावस्या. साहेबांना आता बंद करणाऱ्याचं नाव हवं होतं.

ते लगेच मिळालं. चक्क्या सांभाळणारा शिवराज बहिणीच्या शेतात खोपीपाशी (कडब्याची झोपडी) बसला होता. आधी जेवा म्हणाला. शारदाअक्कांनी भज्जी (भाज्या-डाळींचं कालवण) आणि आंबील वाढली. सात नंबरच्या पात्याची सावली चुन्याने रंगवलेल्या पाच दगडांच्या पांडवांवरून, मग आमच्या ताटांवरून सरकत होती. 

"मीच बंद करत होतो, मॅडम. पांडवांची जुनी जागा चक्कीच्या बुडाखाली गेली. वरून सावली बी पडायलीय."

यंदा मात्र नोकरी जाईल या भीतीने त्याने बटणाला हात लावला नव्हता.

अक्कांनी नैवेद्य ठेवला. सावली मंदावली, थांबली. बाकी अकरा चक्क्या फिरतच होत्या. मी शिवराजकडे पाहिलं. त्याचा घास हातातच राहिला होता.

"मी हितंच बसलोय की, मॅडम."

अक्कांनी शांतपणे चक्कीच्या दिशेला आंबील शिंपडली.

"जेवू द्या त्यांना," त्या म्हणाल्या.

पुण्याला परतून अहवालात नावाऐवजी लिहिलं, 'वारा पडला'. पुढच्या वेळ अमावस्येच्या बोलीत त्या अर्ध्या तासाला सात नंबरपुढे शून्य टाकलं. संध्याकाळची वीज वेळेवर गेली, शिवराजची नोकरी राहिली. बटण कुणी दाबलं नाही, तरी बोली अगदी बरोबर आली, आणि तेव्हापासून मला नीट झोप नाही.