वच्छलाबाईनं मले दिलेलं काम

आमच्या जरीपटका वस्तीतल्या सरकारी दवाखान्यात वच्छलाबाई बसते. डॉक्टर नाही, नर्स नाही. आधी ती टोपली घेऊन मोहल्ल्यात बांगड्या विकायची. मग दवाखान्यातल्या लोकायनं तिले शिकवलं, तिची परीक्षा घेतली अन् उदास पेशंटसंगं बोलायचं काम दिलं. मले हे कळलं तेव्हा माझं डोस्कंच फिरलं. म्हटलं, बायको माझी बिमार, अन् हे बांगडीवालीले पाठवून राहिले?

मी देवाजी. पोरगा अंकुश नोकरीले बाहेरगावी. कोराडीच्या पॉवर हाऊसमध्ये नोकरी केली, रिटायर झालो, कॉलनीतलं क्वार्टर सोडलं अन् इथं स्वतःच्या घरात आलो. माझ्या इंदूच्या साऱ्या मैत्रिणी तिकडंच राहिल्या. तिची लंबी रोटी कॉलनीत मशहूर होती. सैल भिजवलेली कणिक दोन्ही हातावर झुलवत झुलवत ती पार कोपरापर्यंत पसरवायची अन् चुलीवरच्या उलट्या मटक्यावर अलगद टाकायची. कोणाच्याही घरी कार्यक्रम असो, इंदूबाईले बोलावणं ठरलेलं. अन् तिची बडबड तं विचारूच नका. रोटी कमी अन् मले बोलणी जास्त!

इथं आल्यावर ती हळूहळू गप्प झाली. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायची. केस विंचरायची नाही, धड जेवायची नाही. मी चिडलो की रडायची, नाही चिडलो तरी रडायची. शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरनं सारं विचारून सांगितलं, हे डिप्रेशन होय, आळस नव्हे. वच्छलाबाई दर आठवड्याले घरी येईल, गरज पडली तं गोळ्याही देऊ. मले एकच भीती खाऊन राहिली होती, की माझी इंदू आता अशीच राहते.

वच्छलाबाई आली. जयभीम घातला, चहा घेतला अन् इंदूचा हात हातात घेऊन बसली. जुनी सवय, दुसरं काय. बांगडी भरताना घाई केली तं काच फुटते, म्हणून ही बाई कशाचीच घाई करत नाही. ती इंदूले विचारायची अन् उत्तर मी द्यायचो. बाई माझ्याकडे पाहून हसायची अन् पुन्हा इंदूलेच विचारायची. कोणत्या कामात जीव रमायचा, हे तिनं इतक्यांदा, इतक्या आरामात विचारलं की एक दिवस इंदू बोलली, रोटीत.

मग बाईनं तिले काम नेमून दिलं. रोज मूठभर कणिक भिजवायची. रोटी नाही केली तरी चालते. मन लागेल तेव्हा हात चालवू, असं म्हणत बसायचं नाही म्हणे. आधी हात चालवायचे, मन मागून येते.

आता सांगा, बिमार माणसाले कोणी कामाले लावते का? मी सकाळी उठून मीच कणिक भिजवायचो अन् परात तिच्यापुढं नेऊन ठेवायचो. पाणी मी भरायचो, भांडे मी घासायचो, तिचे केसही मीच विंचरायचो. जीव आहे ना माझा तिच्यावर! वच्छलाबाई आली तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं, कणिक रोज भिजते.

बाईनं कणकेले बोट लावून पाहिलं. इंदूचे कोरडे हात पाहिले. अन् मले अंगणात घेऊन गेली.

"काकाजी, माया करून राहिले तुम्ही, कळते मले. पण तिच्यासाठी तुम्ही काहीच शिल्लक नाही ठेवलं. आता तुमचं काम ऐका. उद्यापासून हात मागे घ्या."

"अन् तिनं नाही केलं तं?"

"तं नाही केलं. तुम्ही बसून राहा."

बापा! बॉयलरच्या आगीजवळ जिंदगी काढली, पण इतकं कठीण काम कधी केलं नव्हतं. पीठ, पाणी तसंच पडून राहिलं. पुढच्या खेपेले बाई रागावली नाही. काय आडवं आलं तेवढं इंदूले विचारलं अन् काम आणखी लहान केलं. पिठात नुसता हात घाल, म्हणाली.

मग एका सकाळी मी ओट्यावर दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो. आतून थप, थप आवाज आला. उठावं वाटलं, नाही उठलो. अन् मग आवाज आला, तोच जुना, कॉलनीभर ऐकू जायचा तो.

"अंकुशचे बाबा! रोज माझ्यापुढं ठेवत होते ते कणिक होती का सिमेंट होतं जी? जिंदगीभर माझ्या हातची रोटी खाल्ली, पण अक्कल नाही आली. बसले काय तिथं? चूल पेटवा!"

किती महिन्यांनी बोलणी खाल्ली मी! डोळे पुसत पुसत चूल पेटवली अन् धुराच्या नावावर खपवलं. पहिली रोटी मटक्यावरून फाटून खाली पडली. इंदू हसली, मीही हसलो, अन् तीच आम्ही दोघांनी वाटून खाल्ली.

एका दिवसात ती बरी झाली असं नाही. अजूनही एखादी सकाळ जड जाते तिले. पण परवा विहारातल्या जेवणाले तिनं रोट्या टाकल्या अन् बायका तिच्याभोवती गोळा होऊन पाहत होत्या.

काल वच्छलाबाई आली. इंदूनं माझ्या साऱ्या चुका सांगाले घेतल्या. कणिक, केस, भांडे, थांबायचं नावच नाही. चहा थंड झाला. शेवटी बाईनं मले विचारलं, "काकाजी, तुम्हाले काही बोलायचं आहे?"

"नाही बाई," मी म्हटलं. "बोलू द्या तिले."