घर वजा करून गिट्टी किती?

रस्त्याच्या ठेकेदाराचा एखादा किस्सा सांग म्हटलं, तर मला सांगता येणार नाही. ते येतात, गाडी भरतात, जातात. पण ज्याला आपल्या बंगल्याच्या बगिच्यात थोडीशी गिट्टी टाकायची आहे, असा माणूस यार्डात शिरला की समजायचं, आज घरी जेवताना सांगायला काहीतरी मिळालं! एक सांगून संपत नाही, तोवर दुसरा फाटकातून आत येतो. अशी अकरा वर्षं झाली. विसरायचं ठरवलं तरी किती विसरणार?

शहराला लागून वाडीला आमचं गिट्टीचं, म्हणजे फोडलेल्या खडीचं यार्ड आहे. आमचं म्हणजे माझ्या दादाचं. आषाढात दादा गेला. सकाळी छातीत दुखतं म्हणाला, दुपारी नव्हता. त्याच्याबद्दल 'होता' असं लिहायला मला अजून जमत नाही, म्हणून कुठे चुकून 'आहे' आलं तर तसंच वाचा.

मी नववीत शाळा सोडली तेव्हापासून त्याच्या मागेच होतो. गाडी भरणं, ताडपत्री बांधणं माझ्याकडे. अंदाज काढणं त्याच्याकडे. तो गेल्यावर आईनं मला समोर बसवलं.

"दिवाळीपर्यंत चालवून पाह्य. अंदाज जमला तं ठीक. नाही तं यार्ड सोडून दे अन् मामाच्या गोडाऊनात कामाले लाग. तुले भाजीत मीठ किती टाकाचं ते समजत नाही, तू ब्रास काढशील?"

ब्रास म्हणजे काय, ते एकदाच सांगतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि एक फूट उंच अशी पेटी गिट्टीनं भरली की एक ब्रास. बगिच्यात तीन इंचांचा थर पुरतो, म्हणून एका ब्रासमध्ये चारशे चौरस फूट जागा झाकली जाते. शास्त्र एवढंच. बाकी सगळा माणसांचा खेळ!

*

प्रताप नगरचे एक रिटायर्ड सर होते. शाळेत गणित शिकवायचे. यार्डात आले ते कागदावर हिशेब मांडूनच. "सव्वाचार ब्रास. मी दोनदा ताळा केला आहे."

दादानं कागद पाहिला, मग सरांकडे पाहिलं. "सर, प्लॉट केवढा आहे?"

"सतराशे चौरस फूट."

"अन् घर कुठं आहे?"

"प्लॉटवरच आहे की!"

"मग घरावरही पसरवाची का गिट्टी?"

सरांनी कागद घडी करून खिशात घातला आणि स्कूटर काढून निघून गेले. दुपारी फोन आला. "घर वजा केलं. आता दोन ब्रास." तासाभरानं परत फोन. "विहीर राहिली होती. ती वजा करा." चार वाजता परत फोन. "तुळशीवृंदावन!"

दादा म्हणाला, "सर, तुम्ही उभे राहाल तेवढी जागाही वजा करू काय?"

सर खरंच थोडा वेळ विचारात पडले!

*

उन्हाळ्यात यार्डात धूळ फार उडते, म्हणून आम्ही ढिगांवर पाइपनं पाणी मारतो. तेवढ्यात एक मॅडम आल्या. ओली गिट्टी उन्हात काळीभोर चमकत होती. मॅडम हरखल्या. "हीच! मला अगदी हाच काळा रंग पाहिजे!"

दुसऱ्या दिवशी गाडी खाली झाली. तिसऱ्या दिवशी फोन. "तुम्ही माल बदलला! ही तर राखेसारखी दिसते!"

दादा मला घेऊन त्यांच्या घरी गेला. फाटकातच म्हणाला, "एक ग्लास पाणी द्या." मॅडमना वाटलं, उन्हातून आलाय, तहान लागली असेल. त्यांनी माठातलं थंड पाणी आणलं. दादानं ते सरळ गिट्टीवर ओतलं. गिट्टी काळीभोर!

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे रोज पाणी घालावं लागेल?"

आम्ही हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी नळाला पाइप लावला होता. महिन्याभरानं त्यांचे मिस्टर चौकात भेटले. दादानं विचारलं, बगिचा कसा आहे?

"झाडं वाळली. गिट्टी मात्र टवटवीत आहे!"

*

रामदासपेठेतले एक डॉक्टर. त्यांना सकाळी अनवाणी चालायला वाट करायची होती. दादा म्हणाला, "साहेब, नदीतले गोल गोटे घ्या. आमची गिट्टी मशीनमधून फोडून निघते, तिले चारही बाजूनं धार राहते."

डॉक्टर म्हणाले, "जेवढं टोचेल तेवढं रक्ताभिसरण चांगलं. ते तुम्हाला नाही कळणार."

"बरं. मग दहा एमएम घ्या, चण्याएवढी राहते."

"नाही. वीसची द्या. सुपारीएवढी."

दादानं हात जोडले आणि गाडी भरली. आठवड्यानं डॉक्टर दुसऱ्या कामासाठी यार्डात आले, ते असे चालत, जशी कोंबडी तापल्या पत्र्यावर चालते. आपणहूनच म्हणाले, "वाट चांगली झाली आहे."

"चालता का रोज?"

"मी नाही. सासऱ्यांना सांगितलंय, तुमच्या गुडघ्यांसाठी केली आहे!"

*

आता माझे किस्से. हे दादानं ऐकलेले नाहीत.

दादानं टेप कधी वापरला नाही. तो जागेवरून चालायचा. त्याचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं. लांबी चालला, रुंदी चालला, चहा प्यायला आणि आकडा सांगितला. आकडा कधी चुकायचा नाही. तो गेल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं, तेव्हा मला वाटलं, आपणही असंच करू. त्याची चप्पल दारामागे होती. ती घातली. टाच बाहेर निघत होती, तरी तीच घालून गेलो.

गंभीर चेहरा करून चाललो. लांबी बारा पावलं, रुंदी आठ. दादाचा अडीचचा हिशेब लावला, दीड ब्रास सांगितली, गाडी पाठवली.

गिट्टी दोन तृतीयांश बगिच्यात संपली. कारण चप्पल दादाची असली तरी पाय माझे आहेत, आणि मी त्याच्यापेक्षा चांगला सहा इंच उंच आहे. माझं पाऊल पडतं तीन फुटांचं!

गिऱ्हाईक कमरेवर हात ठेवून उभं होतं. "काय गा, माझ्या बगिच्याची हजामत करून राहिला का तू? अर्धं डोकं झाल्यावर न्हावी पळून गेल्यासारखं दिसते हे!"

ते घरी आईला सांगितलं. ती हसली नाही. चप्पल घेतली, धुतली आणि कपाटात ठेवली.

*

दुसरं गिऱ्हाईक फोनवरच म्हणालं, "तुझा भाऊ असता तर मी डोळे झाकून ऑर्डर दिली असती. तुझा काय भरोसा? कमी पडली तर?"

माझं डोकं फिरलं. कमी पडली तर? कमी पडूच देत नाही! त्याला लागत होती एक ब्रास. मी मोठा टिप्पर चार ब्रास भरून पाठवला आणि ड्रायव्हर बबनला सांगितलं, "फाटकातच खाली कर."

बबन आज्ञाधारक माणूस. त्यानं फाटकातच खाली केली. आत गाडी, आत नवरा-बायको, दोघंही नटलेले, साळ्याच्या साखरपुड्याला निघालेले. मी माफी मागायला पोहोचलो तोवर साहेब सूट-बूट घालून ढिगाच्या शेंड्यावर उभे होते आणि खाली पैठणीतल्या बायकोला हात देत होते. ती दोन पावलं वर यायची आणि गिट्टीबरोबर तीन पावलं खाली जायची.

"मी नाही येत! तुम्हीच जा!"

"अगं, भाऊ तुझा आहे!"

तीन ब्रास मी आणि बबननं घमेल्यानं परत भरली. पाठ मोडली. घरी आलो तर बातमी माझ्याआधी पोहोचलेली.

आई म्हणाली, "पुढच्या अंदाजाले मी येते संग. तो फसला, तं त्याच दिवशी मामाले फोन."

*

पुढचा अंदाज त्रिमूर्ती नगरात होता. बँकेतले साहेब. त्यांना फाटकापासून घराच्या कडेनं मागच्या दारापर्यंत वळणावळणाची वाट करायची होती. तिघांना विचारून झालं होतं. एकानं एक ब्रास सांगितली, एकानं अडीच, एकानं चार.

"तुमचा चौथा आकडा काय?" साहेबांनी विचारलं.

आई पायरीवर बसली होती, चहाचा कप तसाच हातात. मी टेप काढायला खिशात हात घातला. टेप यार्डात! पाऊल टाकायची तर आता हिंमतच नव्हती. मग मला आठवलं, मागे दवाखान्यात माझी उंची मोजली होती. पाच फूट अकरा इंच. म्हणजे सहाच. आणि सहाचा पाढा मला येतो!

मी वाटेवर उताणा झोपलो. डोक्याशी काडीनं रेघ मारली, उठलो, रेघेवर टाच ठेवून परत झोपलो. सहा, बारा. तिसऱ्यांदा झोपलो, हात अंगालगत सरळ, डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून डोळे मिटले.

"ऊठ!"

आईचा आवाज असा आला की साहेबांचा चहा सांडला.

"ऊठ राहुल्या! आधी ऊठ!"

मी उठलो. ती माझी पाठ झटकायला लागली. माती केव्हाच गेली होती, तरी झटकतच राहिली, जोरजोरात. "माह्या समोर असा लंबा होऊ नको. मोजाचं तं काहीही करून मोज. हे नको करू."

साहेबांच्या मिसेस कप उचलायच्या निमित्तानं आत गेल्या आणि कप न उचलताच परत आल्या.

मग आईनं डोळे पुसले आणि इकडेतिकडे पाहिलं. तारेवर एक साडी वाळत होती.

"ही वाळली काय वं बाई?"

"वाळली. पण काहून?"

आईनं साडी ओढून घेतली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "सहावारी हाय. अठरा फूट. पन्हा पावणेचार फूट. धर."

"अहो, चांगली साडी आहे ती माझी!"

"म्हणून तं घेतली. हलकी साडी धुतल्यावर आटते, तिचं माप फसवते. तीस वर्षं झाले फॉल लावून राहिली मी, मले नका सांगू."

आम्ही दोघांनी साडी वाटेवर अंथरली. उचलली, पुढे अंथरली. वळण आलं की आई कापड वळवायची, कडेला चुणी घालायची. वाट साडीच्याच रुंदीची निघाली. साहेब मागून मोजत होते, मिसेस सगळ्यांत मागून "काठ सांभाळा, काठ सांभाळा!" करत होत्या. मागच्या दाराशी नऊ साड्या पूर्ण झाल्या.

साहेबांनी मोबाइलवर हिशेब केला. एक साडी साडेसदुसष्ट चौरस फूट. सहा साड्यांचे चारशे आणि वर थोडे.

"म्हणजे सहा साड्यांना एक ब्रास," आई म्हणाली. "नऊ साड्यांचे दीड. पाठव गा दीड."

दीड पाठवली. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराशी बबननं शेवटचं घमेलं ओतलं, फावड्यानं सारखं केलं, आणि वाट संपली. घमेल्याच्या तळाशी मूठभर गिट्टी उरली होती. ती साहेबांनी कुंडीत टाकली.

परवा सकाळी त्यांचा फोन आला. माझ्या हाताला ग्रीस होतं म्हणून स्पीकरवर घेतला. आई आत कणीक मळत होती.

"माझ्या मेहुण्याला पण अंगणात गिट्टी टाकायची आहे. उद्या माप घ्यायला जमेल का? पण एक विनंती आहे. तुम्ही नका येऊ. आईंना पाठवा."

मी आत पाहिलं. आईनं मान वर केली नाही.

"सांग त्याले, साडी सहावारीच काढून ठेव म्हणा. नऊवारी असली तं सारा हिशेब बदलते!"