अर्धं मिनिट उशिराचा गोल

फोन आला तेव्हा मी कोडबळी, म्हणजे इकडची कडबोळी, तळत होते. संध्याकाळी साडेसातला मॅच होती, आणि मॅच असली की वन्संना कोडबळी लागत. पहिला घाणा काढून झाला होता, दुसरा कढईत होता. पलीकडे एक बाई रडत होती. "अम्मा, मी मंजुळा... पिरियापट्टणहून बोलते. टीचर खुर्चीवर बसल्या होत्या... बसल्या बसल्याच..." पुढचं मी ऐकलं की नाही, सांगता येत नाही. गॅस बंद केला एवढं आठवतं. आणि खोटं कशाला सांगू, मनात पहिला विचार आला तो असा की अहो वन्सं, आज मॅच आहे ना, आजच कशा गेलात?

सीझन आता संपलाय. आमच्या संघाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, दुसऱ्या संघांच्या लोकांची पत्रं संपादकांच्या डोक्याला ताप व्हायला नकोत. चषक काही आमच्याकडे आला नाही, तेव्हा त्या आशेनं कुणी वाचत असेल तर त्यांनी इथंच थांबलेलं बरं. देशातली सगळ्यात वरची फुटबॉलची लीग, थंडीच्या आधी सुरू होते आणि उन्हाळा चांगला तापला की संपते. एवढा अख्खा सीझन मी, जिला ऑफसाइड अजून धड कळत नाही, पहिल्या मॅचपासून शेवटच्यापर्यंत, सुतकातल्या मॅचेस सोडल्या तर, बघितला. तो वन्संमुळे.

वन्सं म्हणजे माझी नणंद, कमल. ह्यांची पाठची बहीण, माझ्याहून एक वर्षानं मोठी. लग्न केलं नाही, का केलं नाही ते विचारायची घरात कुणाची छाती नव्हती. आमचं घर इकडे कन्नड मुलखात, देवराज मोहल्ल्यात. सासऱ्यांचे वडील रंगारी, कापड रंगवून छापायचे. मागच्या अंगणात त्यांचा दगडी हौद अजून आहे, त्यात आता कढीपत्ता लावलाय. मी मिरजेची. लग्न होऊन इथे आले तेव्हा ह्या घरातलं मराठी ऐकून मला रडू यायचं, अर्धं वाक्य मराठी आणि शेपूट कन्नड. वन्संचं तर विचारूच नका. "वहिनी, सुम्ने बसा की!" हे त्यांचं पहिलं वाक्य जे मला पाठ झालं. सुम्ने म्हणजे गप्प. पुढची अडतीस वर्षं त्या मला हेच सांगत होत्या आणि मी ते ऐकत नव्हते.

त्या मुलींच्या शाळेत पीटीच्या टीचर. पहिली नेमणूक पिरियापट्टणला. तंबाखूच्या दिवसांत सगळं गाव त्याच वासाचं, सुट्टीत घरी आल्या की पिशवीतल्या साड्यांनाही तो वास असायचा. मुलींना खो-खो शिकवायचा हुकूम होता, वन्संनी शिकवला फुटबॉल. का, तर शाळेच्या कपाटात एकच चेंडू होता आणि तो फुटबॉलचा होता. पदर कमरेला खोचून, पायात कॅनव्हासचे बूट, आणि हातात शिट्टी. पालक तक्रार घेऊन आले की पोरींचे पाय बिघडतील. तेव्हा म्हणाल्या, "चेंडू सरकारनं पाठवलाय, मी नाही. सरकारला विचारा!" पालक गेले, मुली राहिल्या. मंजुळा त्यातलीच. आता ती कडकोळच्या एका कारखान्यात पन्नास बायकांवर सुपरवायझर आहे, आणि अजूनही दुरून चालत आली तर वन्संसारखीच शर्यतीला निघाल्यागत येते.

आमचं दोघींचं फार सूत होतं असं कुणी समजू नका. ह्यांच्यासाठी दोघी एका घरात होतो, वर त्या, खाली आम्ही. दोन वर्षांपूर्वी हे गेले आणि घरात आम्ही दोघीच उरलो. दिवसाला दहा वाक्यं होत असतील, त्यातली सहा दुधाबद्दल. खालचा टीव्ही लावायला माझा हात जाईना. संध्याकाळच्या बातम्या म्हणजे हेच डोळ्यांपुढे यायचे. शेवटी तो मी वन्संना वर देऊन टाकला. आणि ह्या लीगच्या पहिल्याच संध्याकाळी वरून अशी किंकाळी आली की मी पोळपाट टाकून जिना चढले. वाटलं, गेल्या ह्याही! तर बाई टीव्हीसमोर उभ्या, दोन्ही हात वर, आणि डोळ्यांतून पाणी. "गोल, वहिनी, गोल! बसा, बसा." मी बसले. पाच मिनिटांत "हा पिवळ्या बुटांवाला कोण?" आणि "तो पडला, त्याला उचलत का नाहीत?" असे चार प्रश्न विचारले, तर मला सरळ बाहेर काढलं. "साकु, वहिनी, साकु! तुम्ही खाली जाऊन बघा." पुरे झालं की त्यांचं असं कन्नड व्हायचं.

मीही काही कमी नाही. खाली आले, सुहासला, म्हणजे माझ्या मुलाला, पुण्याला फोन केला आणि म्हटलं मोबाइलवर ती मॅच कशी लागते सांग. तो हसला, पण लावून दिली. त्याला बरंच वाटलं असेल, कारण तो माझ्या मागे लागला होता की आई, आता पुण्याला ये, तिथे एकटीनं काय करतेस. मी एकटी कुठे, वर आत्या आहे, असं म्हणायचे खरी, पण बॅग मनातल्या मनात भरून ठेवली होती. वन्संना सांगितलं तेव्हा त्या जिन्याच्या पायरीवर बसून बूट पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ही लीग संपू दे. मग जा." मी म्हटलं, बरं, लीग संपेपर्यंत. हा शब्द मी दिला तेव्हा लीगमध्ये किती मॅचेस असतात हे मला ठाऊक नव्हतं!

पहिल्या चार मॅचेस आम्ही हरलो, त्या पहिल्या गोलनंतर आमचा एकही गोल नाही. चौथीत आमच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून चेंडू गेला. मी म्हटलं, होतं कधीकधी, तान्हं मूल असेल घरात, झोप झाली नसेल. ह्यावर वन्सं दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मध्यंतराला मात्र खाली यायच्याच. कॉफीचा लोटा उंबरठ्यात उभ्यानंच तोंडाला लावायचा, पुढचा खेळ कसा व्हायला हवा ते मला सांगायचं, आणि लोटा तसाच हातात घेऊन वर. आमच्याकडे पेल्याला लोटाच म्हणतात. माझे लोटे वर जायचे ते परत यायचे नाहीत.

गडबड झाली ती पाचव्या मॅचला. माझ्या मोबाइलवर आमचा माणूस अजून मैदानाच्या मध्यावर चेंडू घेऊन चाललाय, आणि वरून "गोऽऽल!" माझ्या चित्रात तो गोल अर्ध्या मिनिटानं झाला. दुसऱ्या गोललाही तेच. सुहास म्हणाला, मोबाइलवर उशिराच येतं आई, टीव्हीवर आधी दिसतं. मग मी तरातरा वर गेले. "वन्सं, तुमच्या ओरडण्यानं माझे सगळे गोल शिळे होतात. शिळंच खायचं तर मी बघू कशाला?" त्या म्हणाल्या, "हौदा, असं का? मग मी काय तोंड शिवून घेऊ?" मी म्हटलं, घ्या. आणि फणकाऱ्यानं खाली आले.

सहाव्या मॅचला वर चिडीचूप. मला वाटलं, रुसल्या. एका अर्थी मलाही रुखरुख लागली, त्या आवाजाची सवय झाली होती. आणि तेवढ्यात माझ्या मोबाइलवर आमच्या चार नंबरच्या पोरानं डोक्यानं चेंडू आत घातला. हा चार नंबरचा माझा लाडका, माझ्या धाकट्या भावासारखा किंचित फेंगडा चालतो. मी अशी ओरडले की माझं मलाच लाजल्यासारखं झालं. आणि त्याबरोबर वरून, ठक ठक! लोटा जमिनीवर आपटल्याचा आवाज. त्यांनी तो गोल अर्धं मिनिट आधी पाहिला होता आणि माझ्यापर्यंत पोचायची वाट बघत बसल्या होत्या! मध्यंतराला खाली आल्या तेव्हा चेहरा लालबुंद. म्हणाल्या, "टॉवेल कोंबला होता तोंडात. पुढच्या वेळी जरा लवकर ओरडा की." आम्ही दोघी हसलो, इतक्या हसलो की कॉफी सांडली. अडतीस वर्षांत अशा हसलो नव्हतो.

तिथून पुढे तीच रीत पडली. गोल झाला की आधी माझी आरोळी, मग वरून ठक ठक. संघही सुधारला, हरत-जिंकत पहिल्या सहांच्या जवळ सरकला. सहा संघ पुढे जातात, बाकीचे घरी. मधेच वन्संच्या छातीत धडधडायला लागलं. डॉक्टर म्हणाले झडप थकलीय, गोळ्या घ्या, दगदग नको. मी म्हटलं, फुटबॉल बंद. तर म्हणतात, "बघितलं नाही तर जास्त धडधडतं."

पिरियापट्टणला जुन्या विद्यार्थिनींचा कार्यक्रम होता, म्हणून त्या दिवशी सकाळच्या बसनं गेल्या. मंजुळानं मला नंतर सांगितलं, की सत्कार झाला, शाल झाली, मुलींनी आग्रह केला टीचर राहा. तर म्हणाल्या, "नाही गं, चारची बस गाठायची आहे. मॅच आहे. वहिनी एकट्याच बघत बसतील." आणि खुर्चीवर टेकल्या, पाणी मागितलं... पाणी आणेपर्यंत संपलं होतं.

दिवस कसे गेले ते लिहीत नाही. एक गोष्ट मात्र मला खात होती. डॉक्टर भेटायला आले तेव्हा त्यांना विचारलंच, की मी त्यांना ओरडू दिलं नाही, तोंड दाबून बसायला लावलं, त्यानं तर काही झालं नसेल ना? "हागेल्ला इल्ला, अम्मा," असं काही नसतं, म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पटलं, पण पूर्ण पटलं नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी लीगमधली आमची शेवटची मॅच होती. जिंकलो तर सहावे, नाहीतर संपलं. सुहासनं रविवारची दोन तिकिटं काढली होती, त्याचं आणि माझं. माझी बॅग ह्या वेळी खरीखुरी भरलेली होती. साडेसात वाजले, मला काही खाली बसवेना. म्हटलं, आज कोण बाहेर काढणार आहे! वर गेले, त्यांच्या खुर्चीत बसले, टीव्ही लावला. चित्र आलं, आवाज येईना. सुहासला हाक मारली. त्यानं रिमोट घेऊन बघितलं आणि म्हणाला, "बिघडलेला नाही गं. आवाज शून्यावर ठेवलाय. आत्याला ऐकायला कमी येत होतं का?"

त्यांना कमी ऐकू येत होतं? खालच्या डब्याचं झाकण पडलं तर वरून "काय फुटलं?" विचारणारी बाई ती! आणि कॉमेंटरी म्हणजे त्यांचा जीव. कॉमेंटरीवाल्याशी भांडल्याशिवाय त्यांची मॅच पुरी होत नसे. मी त्यांना त्यांच्या ओरडण्याबद्दल बोलले होते, टीव्हीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. पण गोल झाला की टीव्हीतला माणूसही ओरडतो, आणि तो जिन्यावरून मला ऐकू गेला असता. म्हणून वन्संनी सहाव्या मॅचपासून अख्खा सीझन मुका बघितला. मला सांगितलंसुद्धा नाही. मी तिथे खुर्चीत बसून रडले, पोरासमोर रडले. सुहास आवाज वाढवायला लागला, मी म्हटलं, असू दे, राहू दे तसाच.

"बरं, तू बघ. मीही खाली मोबाइलवर लावतो," असं म्हणून तो गेला.

शून्य-शून्य, शून्य-शून्य. शेवटची दोन-चार मिनिटं उरली, आणि कॉर्नरवरून चेंडू आला, गर्दीत कुणाचा तरी पाय लागला, आणि जाळी हलली. चार नंबरच! माझ्या घशापर्यंत आरोळी आली, आणि एकदम आठवलं की खाली सुहास आहे आणि त्याचा गोल अजून व्हायचा आहे. पदराचा बोळा तोंडात कोंबला. अर्धं मिनिट केवढं असतं हे मला त्या दिवशी कळलं. छाती फुटायला आली. पोरं एकमेकांच्या अंगावर उड्या मारतायत, घरात सगळं शांत, आणि मी जमिनीकडे बघत वाट बघतेय... मग खालून आला, माझ्या शहाण्यासुरत्या मुलाचा आवाज, "गोऽऽल!" खुर्चीच्या पायाशी वन्संचा लोटा होता. उचलला आणि आपटला, ठक ठक.

"आई! वर काय पडलं?"

"काही नाही पडलं. तू बघ, अजून शिट्टी व्हायची आहे!"

शिट्टी झाली. सुहास वर आला, म्हणाला, "आई, रविवारची गाडी सकाळी..." मी म्हटलं, "तू जा. आपण सहावे आलो, म्हणजे लीग संपली नाही अजून. मी वन्संना शब्द दिलाय." तो आपल्या आत्याच्या खुर्चीकडे बघत उभा राहिला. पुढच्याच मॅचला आम्ही दोन गोलनी हरलो, चषक आला नाही ते वर सांगितलंच आहे. बॅग मात्र मी उपसून ठेवलीय, आणि हे लिहितेय ते वरच्याच खोलीत बसून. लोटा खाली नेताना खुर्चीजवळची लाल जमीन पहिल्यांदा नीट पाहिली. त्या एका जागी सिमेंटचे बारीक बारीक टवके गेलेत, सीझनभराचे. लोटा पुन्हा तिथेच ठेवला. त्या टवक्यांतला एक माझा आहे.